मिक्सरची दुसरी बाजू

११ डिसेंबर २०२४, बुधवारची रात्र. आकाश निरभ्र, बोचरी थंडी, वारा अजिबात नाही. सम्राट, उद्या तू कारखान्यात रुजू होणार, म्हणून त्या रात्रीचं सांगतो.

"काका, कारखान्यात कसलं आलंय भूत?"

हसू नकोस, ऐक. हे आपल्या गडमुडशिंगीच्या गुरुपादच्या बाबतीत घडलं. तो एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, रात्रपाळीला होता. पुढच्या महिन्यात त्याला कायम करणार होते. मध्यरात्रीनंतर सुपरवायझर धैर्यशीलने त्याला साच्यांची वाळू कालवायचा मिक्सर खरवडायला पाठवलं. मिक्सर म्हणजे माणूस आत उतरेल एवढी लोखंडी टाकी, तळाशी फिरती पाती. उतरण्याआधी फ्यूज काढून खिशात घालायचा, म्हणजे बाहेरून कुणी मशीन सुरू करू शकत नाही, ही जुन्या कामगारांची रीत.

"साहेब, फ्यूज काढू न्हवं?"

"पाच मिनिटांच्या कामाला लाइन बंद पाडतोस व्हय? यज्ञेश्वरनं कधी फ्यूज काढला न्हाय. त्याला म्हणायचं कामाचा माणूस! तुला कायम व्हायचंय का न्हाय?"

यज्ञेश्वरचा फोटो गेटवर होता. हार घातलेला, खाली 'आदर्श कामगार'. त्याचा जीव याच मिक्सरमध्ये गेला. तो आत असताना खालून कुणीतरी बटण दाबलं होतं. चौकशीत चूक त्याचीच निघाली.

गुरुपाद फ्यूज न काढता उतरला. जवळची बाजू खरवडून झाली. तेवढ्यात टाकीच्या पलीकडच्या अंधारातून आवाज आला.

खर्र... खर्र...

तो थांबला. आवाज थांबला नाही.

"कोण हाय?"

...

"कोण हाय रं तिकडं?"

खर्र...

खरवडणी टाकून तो शिडीला झोंबला. वर चढला. पाय कडेबाहेर पडला, आणि आत पाती फिरली.

खाली बटणावर धैर्यशीलचं बोट होतं. गुरुपादला वर उभा बघून त्याने मशीन बंद केली.

"आयला, तू अजून आत हुतास?"

पाती थांबली. फाउंड्री गप्प झाली. आणि टाकीतून...

खर्र... खर्र...

"गुरुपाद... तू तर हितं हायस. मग आत..."

धैर्यशील मागे सरकला. त्या रात्री टाकीजवळ कुणीच गेलं नाही.

सकाळी पहिल्या पाळीने मिक्सर उघडला. गुरुपादने एकच बाजू खरवडली होती. दोन्ही बाजूंचा पत्रा लख्ख होता. आठ वाजता, काम अर्धवट सोडल्याबद्दल, गुरुपादला कामावरून काढल्याचं पत्र मिळालं.