पापणीच्या आतला रंग

माणूस समोर आला की मी आधी त्याची नखं बघते, मग नाव विचारते. खोड म्हणा हवं तर. सरकारी उपकेंद्रात सिस्टर म्हणून उभी हयात गेली. खालची पापणी जराशी ओढली की आत लाल दिसतं की पांढरं, जीभ खरबरीत आहे की गुळगुळीत, एवढ्यावरून अंगात रक्त किती ते मला तपासणीआधीच कळतं. घरचे हसतात. भावजय तर म्हणते, "वन्सं बाजारात टोमॅटो सोडून भाजीवालीचे डोळे बघतात."

त्याच घराला गेल्या दिवाळीनंतर माझी गरज पडली. माझा धाकटा भाऊ भरत, त्याच्या हर्षालीला पिंपरी पेंढारचं स्थळ सांगून आलं. पोरगी अवसरीला इंजिनिअरिंग शिकते, मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. मला मूलबाळ नाही. ती माझ्याच मांडीवर वाढली, त्यामुळे माझा जीव तिच्यात जरा जास्तच.

भरत म्हणाला, "अक्का, तू नुसती नजर टाक. पोरं हल्ली वरून गोरीगोमटी आन् आतून पोखरलेली. तू मान हलवलीस की मी साखर तोंडात घालतो."

आमच्यात मुलाकडची साखर तोंडात घातली की शब्द दिला. मग मागं फिरणं नाही.

दुपारी निघालो. रस्त्यापासून आत, चारी बाजूंनी ऊस आणि मध्ये नवं स्लॅबचं घर. बिबट्याच्या धाकानं इकडे वस्तीवस्तीला कुत्री असतात, गाडी वाजली की अंगावर येतात. इथलं कुत्रं ओट्याखाली पडून होतं. त्यानं नुसते डोळे फिरवले आणि जांभई दिली. हिरड्या पांढऱ्याफटक होत्या. गोचीड झाले असतील, असं मी मनाशी म्हटलं.

मग मुलगा बाहेर आला. सार्थक. काय सांगू, असा निरोगी माणूस मी सगळ्या नोकरीत पाहिला नव्हता! नखं डाळिंबाच्या दाण्यांसारखी, डोळ्यांचं पांढरं दुधासारखं स्वच्छ, ओठ ओलसर लाल, केसांना तेलावाचून चकाकी. मी खूश होऊन मान हलवली. भरतनं वाटीतली साखर लगेच तोंडात टाकली.

तेवढ्यात मुलाची आई, लंकाबाई, चहा घेऊन आली. कपबशा किणकिणत होत्या. मी सवयीनं हात पाहिले. तळवे पांढरे, नखं चमच्यासारखी खोलगट. चार पावलं चालून बाईला धाप लागली होती. शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याकडे, गेणभाऊंकडे पाहिलं, तर कानाच्या पाळ्या मेणाच्या. सोफ्यावर सरकून बसायलाही त्यांनी मुलाचा आधार घेतला. मुलाचा हात लागला तसे त्यांनी डोळे मिटले.

घरात शिळ्या उसाच्या रसासारखा आंबूस वास होता. एकच चूल, एकच भाकरी, मग एवढा फरक कसा?

मी कप ठेवायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. हळूच म्हटलं, "लंकाबाई, रक्त तपासलं का कधी?"

"तपासलं की. बाटल्या चढवल्या, गोळ्या झाल्या... राहत न्हाई."

"कधीपासून?"

ती दाराकडे बघत राहिली. बाहेर सार्थक हसत होता.

"ताप आलता त्याला, ल्हान व्हता तवा. डॉक्टरनी हात टेकलं व्हतं. रात्री निपचित पडला... आन् सकाळी उठून भाकर मागाय लागला. तवापासनं." तिनं माझा दंड धरला. बोटं गार होती. "सिस्टर, तुमची पोरगी द्या... सून आली की आमी सुटू."

मी बाहेर आले ती चप्पल घालूनच बोलले. "भरत, ऊठ. ही सोयरीक होणार नाही."

भरत तोंड उघडं टाकून बघतच राहिला. सार्थक मात्र गाडीपर्यंत पोचवायला आला, दार लावलं आणि काचेशी वाकून गोड आवाजात म्हणाला, "राहू द्या, आत्या. साखर खाल्ली ना मामांनी."

भरतनं घरी येईपर्यंत माझा उद्धार केला. चांगल्या घराचा अपमान केलास म्हणाला. मी सगळं ऐकून घेतलं. पोरगी वाचली होती, बाकी भावाचा रुसवा काय, चार दिवसांचा.

संक्रांत झाली असेल. दुपारी मी ओसरीवर वाल सोलत बसले होते. एक बाई तरातरा पायऱ्या चढून आली. ओळखूच येईना. गाल भरलेले, तळवे गुलाबी, धाप अजिबात नाही.

"लंकाबाई, तुम्ही?"

"म्हणलं, सिस्टरला नमस्कार करून जावं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मालकबी शेतावर जात्यात आता. लई उपकार झालं. पण पोरीला मातूर... जपा."

"कुठल्या पोरीला? आम्ही तर नाही म्हणालो!"

ती खाली मान घालून गेली. थांबली नाही.

मी वालाचं सूप बाजूला सारलं. तसाच हर्षालीला व्हिडिओ कॉल लावला. बऱ्याच वेळानं तिनं उचलला. केस विस्कटलेले, चेहरा ओढलेला, ओठ कोरडे.

"काय गं बाळा?"

"काही नाही आत्या, अभ्यासानं थकलीय. जिना चढला तरी दम लागतो. मैत्रीण गावाला गेलीय, कडी लावून झोपले होते."

"एकटीच आहेस?"

"हो गं. बघ ना, दोन्ही हातांनी धरलाय फोन, तरी हलतोय."

"मला पापणी ओढून दाखव. खालची."

पडद्याच्या कडेनं एक बोट आत आलं. त्यानं हलकेच तिची पापणी खाली ओढली. आत पांढरंफटक होतं, रक्ताचा टिपूस नाही. बोटाचं नख मात्र लालबुंद होतं. हर्षालीनं डोळासुद्धा मिचकावला नाही.

"थांब हं आत्या," ती म्हणाली, "फोन कशाला तरी टेकवते... हात मोकळा झाला की दाखवते."