हे कुणाचं?

बस सुटायच्या आधीच बाबांनी अख्ख्या बसला सांगून टाकलं होतं की त्यांची लेक शास्त्रज्ञ आहे, सोमवारी ती समुद्र संशोधन केंद्रात रुजू होणार आहे आणि लहानपणापासून तिला बस लागते.

बाबांनी एखादी गोष्ट सांगितली की ती नुसती सांगितली जात नसे, जाहीर होत असे. कपडे धुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात त्यांनी उभी हयात बॉयलर सांभाळला होता. त्या घरघरीत त्यांचे कान गेले, आणि कान गेले तसा आवाज चढत गेला. कानात घालायचं यंत्र लेकीने पहिल्याच शिष्यवृत्तीतून घेऊन दिलं होतं. ते बाबा डबीत घालून खिशात ठेवत. वापरून झिजू नये म्हणून.

ती खिडकीशी बसली होती. खरं तर हा किनारा तिला एकटीला पाहायचा होता. नव्या गावी, नव्या खोलीत, नव्या माणसांत पोचण्याआधी दोन दिवस कुणाचीही कुणी नसल्यासारखं हिंडावं, असं तिच्या मनात होतं. पण निघायच्या आदल्या दिवशी बाबा दोन तिकिटं नाचवत आले. "खारूताई, तुला काय वाटलं, मी तुला एकटीला पाठवीन?" लहानपणी ती उशीखाली शेंगदाणे साठवून ठेवायची, तेव्हापासून ती त्यांची खारूताई. बरोबर त्यांनी तिचा राखाडी स्वेटरही घेतला होता. तो घालायला तिने दोनदा नकार दिला होता.

रस्ता मात्र डोळ्यांचं पारणं फेडणारा होता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला तासल्यासारखे उभे कडे. काळ्या खडकाच्या थरांमध्ये तांबूस मातीच्या पातळ रेघा होत्या. मऊ थर लाटांनी खाल्ला जातो, वरचा कठीण थर अधांतरी राहतो आणि एक दिवस कोसळतो. हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलं डोळ्यांसमोर दिसण्यात तिला सुख वाटत होतं.

कंडक्टर गोलमटोल आणि बोलका होता. प्रत्येक गावाला एक दंतकथा, प्रत्येक सुळक्याला एक शाप. "गोष्टी तिकिटात फुकट," असं तो म्हणायचा. त्याची एक सवय होती. थांब्यावरून निघण्याआधी तो बसभर फिरायचा आणि सीटवर पडलेली प्रत्येक वस्तू उचलून विचारायचा, "हे कुणाचं?" ज्याचं असेल त्याने ताबडतोब "माझं" म्हणायचं.

"या किनाऱ्यावरचा समुद्र चोर नाही," त्याने पहिल्याच घाटात सांगितलं होतं. "तो आधी विचारतो. ज्याला कुणी माझं म्हणत नाही, ते त्याचं."

पहिल्या गावात तिने हे प्रत्यक्षच पाहिलं. वाहून आलेली लाकडं गोळा करणारी एक बाई प्रत्येक फळीपाशी थांबायची, समुद्राकडे तोंड करून विचारायची, "कुणाचं?" मग एक लाट येऊन परत जाईपर्यंत थांबायची आणि मगच फळी टोपलीत टाकायची. तिला ते पटलं. फुटलेल्या होड्यांचा माल, त्यावरून होणारी भांडणं. चारचौघांत विचारून घेतलं की पुढे तंटा नको. प्रत्येक रीतीच्या तळाशी असं काहीतरी सरळ असतंच.

बाबांना तर हा खेळ फारच आवडला. छत्री त्यांची, टोपी त्यांची, पुढच्या सीटवरच्या मास्तरांची पिशवीसुद्धा त्यांचीच. सगळ्याला "माझं!" दुसऱ्या थांब्यावर तिला जरा डुलकी लागली होती. कंडक्टर तिच्यापाशी थांबला आणि डोळे मिचकावून म्हणाला, "आणि ही कुणाची?"

"माझी!" बाबा गरजले. "अख्खी माझी!"

बस खो खो हसली. तिचे कान तापले. हळू बोला ना, असं ती बाबांना म्हणाली. त्यांनी "काय?" विचारलं. "हळू!" ती ओरडली आणि बस पुन्हा हसली.

दीपगृहाच्या गावात मास्तरांची छत्री राहिली. कंडक्टरने विचारलं तेव्हा मास्तर बाहेर बघण्यात गुंग होते, आणि बाबा नेमके खाली उतरले होते. कुणीच उत्तर दिलं नाही. कंडक्टरने खांदे उडवले आणि छत्री मागच्या रिकाम्या सीटवर टाकली.

पुढच्या थांब्यावर छत्री नव्हती. सीटचं रेक्झिन मात्र ओलं होतं, नुकतंच कुणी निथळत्या कपड्यांनी बसून उठल्यासारखं. खिडक्या बंद होत्या. तिने बोट फिरवून जिभेला लावलं. खारट. गारव्याने साचलेलं पाणी खारट नसतं. कुणीतरी पोहून आलेलं असेल, असं तिने ठरवलं, आणि ठरवल्यावर बरं वाटलं.

"तिथे ती मुलगी बसलीये ना," बाबा म्हणाले. "चांगली आहे पोर. मला किती वाजले विचारत होती. इतकं हळू बोलते, पण मला सगळं ऐकू येतं बघ."

तिने मागे पाहिलं. शेवटपर्यंत सगळ्या सीटा रिकाम्या होत्या. यंत्राची डबी बाबांच्या खिशात, नेहमीसारखी बंद होती.

दुपारी बस शेवटच्या कड्यावर थांबली. वर उपाहारगृहाची गच्ची आणि तिथून खडकात कोरलेल्या पायऱ्या. खाली एक सपाट खडक होता. त्यातल्या भोकातून प्रत्येक लाटेला पाणी फुसफुसत वर उडत होतं. बाबा पँट गुडघ्यांपर्यंत दुमडून, हातरुमालाला चार गाठी मारून तो डोक्यावर चढवून खाली गेले. ती गच्चीवर थांबली, आणि तिथेच तिला केंद्राच्या प्रमुख मॅडम भेटल्या.

मॅडमबरोबर केंद्रातले दोन संशोधक होते. भरतीची उंची मोजायचं यंत्र तपासायला ते आले होते. मॅडमनी तिला ओळखलं, जवळ बोलावलं, समोरच्या कड्यातल्या तांबूस रेघेबद्दल विचारलं. तिने नेमकं उत्तर दिलं. मॅडमनी मान डोलावली आणि संशोधकांकडे पाहिलं. त्या पाहण्यात 'निवड चुकली नाही' असं काहीतरी होतं. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदा स्वतःचा पाठीचा कणा सरळ झाल्यासारखा वाटला.

"ए खारूताई!"

खालून आवाज आला. कड्याने तो उचलून दुप्पट करून दिला.

"बघ गं! तुझ्या पोटासारखं गुडगुडतंय!"

गच्चीवरची सगळी माणसं कठड्याकडे वळली. खाली चार गाठींचा रुमाल, पांढऱ्या पोटऱ्या आणि झेंड्यासारखा हलणारा राखाडी स्वेटर. एका संशोधकाने तोंडावर हात धरला. बाबा थेट तिच्याकडे बघून हसत होते.

"हे कुणाचे?"

प्रश्न तिच्या खांद्यामागून आला. अगदी हळू, सौजन्याने विचारलेला. तिने मान वळवली नाही. समुद्राकडे बघतच ती म्हणाली,

"माहीत नाही. आमच्या बसमधले असतील कुणी."

खाली एक लाट फुटली, भोकातून पाणी उंच उडालं आणि खाली बसलं. बाबांचा हात वरच होता. मग तो हळूहळू खाली आला. एवढ्या उंचीवरून, त्या आवाजात, त्यांना काही ऐकू जाणं शक्यच नव्हतं. तरीही काहीतरी विसरलेलं आठवू पाहणाऱ्या माणसासारखे ते क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी पाठ फिरवली आणि पाण्याकडे पाहिलं.

मॅडम पुढे काही बोलत होत्या. तिच्या कानात ते शिरत नव्हतं. कारखान्यातून आल्यावर रात्रपाळीचे डोळे चोळत बाबा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिची चित्रं रंगवत बसायचे. प्रदर्शनात ती 'माझी मीच काढली' म्हणाली, तेव्हाही ते असेच हसले होते.

"मॅडम," ती म्हणाली, "मघाशी मी खोटं बोलले. ते माझे बाबा आहेत."

"कोण?"

"खाली. तुम्ही विचारलंत ना, हे कुणाचे म्हणून."

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मी काहीच विचारलं नाही. तूच मधेच काहीतरी पुटपुटलीस."

तिने कठड्यावरून वाकून पाहिलं. खडक रिकामा होता.

पायऱ्या ती कशी उतरली, तिला आठवलं नाही. सपाट खडकावर पाण्याची पातळ साय होती. ना रुमाल, ना स्वेटर. बाबा, बाबा, अशा हाका तिने मारल्या, आणि ऐकू न येणाऱ्या माणसाला आपण हाका मारतोय हे तिच्या उशिरा लक्षात आलं. भरती चढू लागली होती. मागे वळली तेव्हा शेवटची पायरी पाण्याखाली होती.

वर कंडक्टरची शिट्टी वाजली.

ती धापा टाकत बसपाशी पोचली आणि तिचा जीव भांड्यात पडला. बाबा आत होते. खिडकीशी, तिच्याच जागी, कोरडे ठणठणीत.

त्यांच्या शेजारी एक मुलगी बसली होती.

राखाडी स्वेटर तिच्या अंगात होता. केसांतून रेक्झिनवर पाणी ठिबकत होतं. बाबांच्या मांडीवर यंत्राची डबी उघडी होती, आणि ती मुलगी अलगद, सवयीच्या बोटांनी ते यंत्र त्यांच्या कानात बसवत होती. मग त्यांच्या कानाशी वाकून ती काहीतरी बोलली. बाबा हसले. हळूच.

"बाबा."

त्यांनी वर पाहिलं. "ताई, ही जागा माझ्या लेकीची आहे," ते म्हणाले. "तुमची मागे असेल."

त्यांचा आवाज खालचा होता. चारचौघांत शोभेल असा. तिने वर्षानुवर्षं मागितला होता, तसाच.

"बाबा, मी खारू. शेंगदाणे आठवतात ना? उशीखालचे?"

बाबा शेजारच्या मुलीकडे वळले. "काय म्हणतायत गं या, खारूताई?"

त्या मुलीने त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर दया होती. "चुकामूक झाली वाटतं बिचाऱ्यांची."

तिने बसकडे पाहिलं. सकाळपासून तिच्यावर हसलेली ही माणसं. तुम्ही तरी सांगा, असं ती म्हणाली. मास्तर अवघडून खिडकीबाहेर बघू लागले. कंडक्टर आला. त्याने बाबांची दोन तिकिटं पाहिली, सीटवरची दोन माणसं पाहिली आणि तिच्या कोपराला धरून, अजिबात न दुखवता, तिला खाली उतरवलं.

मग फूटबोर्डवर उभं राहून, शिट्टी तोंडाशी नेता नेता, सवयीने त्याने आत वळून विचारलं,

"ही कुणाची?"

खिडकीत बाबा होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, खूप वेळ, बॉयलरच्या काट्याकडे बघावं तसं लक्ष देऊन. त्यांचे ओठ हलले.

"माहीत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "दुसऱ्या बसमधल्या असतील कुणी."

कंडक्टर थांबला. एक लाट येऊन परत जाईल एवढाच वेळ.

बसमधून कुणी काही बोललं नाही.

दार लागलं. वळणावर राखाडी बाहीतला एक हात बाबांच्या खांद्याभोवती गेलेला तिला दिसला. मग बस कड्याआड गेली.

गच्चीवर आता कुणी नव्हतं. तिच्या मागे, पायऱ्यांच्या अगदी वरच्या टोकाला, जिथवर भरती कधीच पोचत नाही, तिथे पाणी लागल्याचा बारीक आवाज झाला.

आणि तिथूनच कुणीतरी, काहीच घाई नसल्यासारखं, म्हणालं,

"माझी."