पडद्यावर बंद

आमच्या बॉयलरघरात दोन बॉयलर. एकाचं नाव ग्रिशा, दुसऱ्याचं सुयुनअली. नावं काही कारखान्यानं दिलेली नाहीत. ज्या गड्यानं बॉयलर पहिल्यांदा पेटवला त्याचं नाव पुढच्या पत्र्यावर चुन्यानं लिहायचं, अशी इथली रीत. ग्रिशा कोण होता ते आता कुणाला आठवत नाही. सुयुनअली माझा बाप. जाऊन बरीच वर्षं झाली त्याला.

आमचं गाव नारिन नदीच्या वरच्या अंगाला. हिवाळ्यात इथं थुंकी जमिनीवर पडेस्तोवर कडक होते. ग्रिशाचं गरम पाणी शाळेला आणि चार मजली घरांना जातं. सुयुनअलीचं पाणी बाळंतिणींच्या दवाखान्याला. पूर्वी सगळं हातानं चालायचं. फावडं घ्यायचं, कोळसा टाकायचा, काटा बघायचा. मग राजधानीतून कॉम्प्युटर आला. आता प्रत्येक बॉयलरला कोळसा आत ढकलायला मोठा स्क्रू आहे, हवा मारायला पंखा आहे, आणि सगळ्यांना हुकूम देणारा एक प्रोग्राम आहे. आम्ही राख ओढतो आणि चहा पितो.

प्रोग्राम बघते माझी सून, नुर्झादा. राजधानीत, बिश्केकला शिकलीय. मुलगा रशियात ट्रक चालवतो, ही इथं आमच्याजवळ. सात महिन्यांचं पोट घेऊन रोज यायची, खुर्चीत उशी घालून बसायची.

त्या सकाळी ती नव्या कॉम्प्युटरवर सेटिंग भरत होती. जुना कॉम्प्युटर धूळ खाऊन मेला होता.

"बाबा, ह्या फाइलमध्ये प्रत्येक बॉयलरचं नाव आणि त्यापुढं किती गरम ठेवायचं ते लिहायचं," ती म्हणाली. "प्रोग्राम नाव वाचतो, आकडा उचलतो. नाव सापडलं नाही तर शून्य धरतो. म्हणजे बंद."

"मग लिही की."

"ग्रिशा लिहिलं. दुसरं कसं लिहू?"

आता आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही, आजेसासऱ्याचं तर नाहीच. घरात ती माझ्या बापाला 'थोरले' म्हणते. त्यांना तिनं बघितलेलंसुद्धा नाही.

"अगं, तोंडानं थोडंच घ्यायचंय? टाइप करायचंय."

"बोटांनी घेतलं काय नि तोंडानं घेतलं काय," ती म्हणाली. "आधी ज्यानं भरलं तो कुणाची सून नव्हता, त्याचं ठीक होतं. मी आपलं 'थोरले' लिहिते. इथं फाइलमध्ये बदलते, मग प्रोग्रामच्या पोटातही तसंच बदलते. दोन्हीकडं एकच नाव असलं की झालं."

बाकावर वित्या लोणच्याची काकडी खात बसला होता. माझा जोडीदार, आम्ही एका वर्गात नापास झालेलो. तो म्हणाला, "माझ्या सुनेला बोलाव. ती मला माझ्या तोंडावर म्हातारा बैल म्हणते. तिला काही अडत नाही."

नुर्झादा हसली. फाइलमध्ये 'थोरले' लिहिलं, जपून ठेवलं. मग प्रोग्राम उघडायला हात पुढं केला आणि तो हात तसाच टेबलावर राहिला. तोंड पांढरं पडलं.

"बाबा," ती म्हणाली, "आईंना बोलवा."

दुपारी मुलगी झाली. एवढीशी. वेळेच्या किती आधी. डॉक्टरीणबाईंनी तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि बुरुलला, म्हणजे माझ्या बायकोला, स्पष्ट सांगितलं, "वीज जाते-येते, पेटीवर माझा भरवसा नाही. खोली गरम राहिली पाहिजे. खोली गार पडली तर हे पोर राहणार नाही."

बुरुलनं फोनवर एवढंच सांगितलं, "अहो, तुमच्या बापाचा बॉयलर विझू देऊ नका."

मी म्हटलं, "वेडी आहेस का?"

*

दुसऱ्या दिवशी मी कामावर आलो तेव्हा सगळं ठीक होतं. सुयुनअलीचा काटा जिथं हवा तिथंच. भट्टीचं दार उघडून बघितलं. आग चांगली पिवळी, कोळसा नीट बसवलेला. वित्या घरी जायला निघाला होता. त्याला म्हटलं, "आज आग झकास ठेवलीस."

"मी कुठं? कालपासून तूच फावडं मारून ठेवलंयस. स्क्रू बंद करून हातानं कशाला मरतोस? नातीचा आनंद समजू शकतो, पण कंबर तुझी आहे."

मला वाटलं, रात्रभर जागून डोकं फिरलंय त्याचं. सुयुनअलीच्या स्क्रूकडं बघितलं तर खरंच उभा होता. पंखाही उभा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ग्रिशा हिरवा, आणि दुसऱ्या बॉयलरच्या चौकोनात राखाडी अक्षरांत 'बंद'.

मी पाइपला हात लावला. हात भाजला.

म्हटलं, पडदा खोटं बोलतोय. नवीन मशीन आहे, शिकेल. दवाखान्यातून निरोप आला, खोली गरम आहे, पोर दूध गिळतंय. मला आणखी काय पाहिजे? मी राख ओढली. राख भरपूर होती.

असे काही दिवस गेले. मी वित्याची थट्टा करायचो की लपून फावडं मारतोस, तो माझी करायचा. दाराशी असलेला कोळशाचा ढीग उतरत होता. स्क्रूचा कोळसा वेगळ्या हौदातून येतो, दाराशेजारचा ढीग फक्त हातानं टाकायचा. एकदा भर दुपारी आम्ही दोघं बाकावर समोरासमोर बसून रोटी मोडत होतो आणि भिंतीपलीकडून, ढिगाच्या बाजूनं, आवाज आला. फावडं फरशीवर घासलं गेल्याचा. खर्र. थोडं थांबून धप्प.

वित्याचा घास तोंडातच राहिला.

"तू इथं आहेस," तो म्हणाला.

"तू पण."

आम्ही गेलो. कुणी नव्हतं. फावडं भिंतीला टेकून उभं. मी हातात घेतलं, दांडा कोमट होता. कुणाच्या तरी मुठीत बराच वेळ राहिला की होतो तसा.

मी भट्टीचं दार उघडलं. ह्यावेळी नीट बघितलं. कोळसा कडेनं चढवलेला आणि मधोमध वाटीसारखा खळगा. आजकाल असं कुणी करत नाही. सगळे सपाट पसरतात. असा खळगा एकच माणूस ठेवायचा, आणि लहानपणी मी विचारलं की म्हणायचा, आगीला पण बसायला जागा लागते.

मी दार लावलं. रोटी पुढं कुणालाच गेली नाही.

*

इथला पडदा राजधानीतही दिसतो. तिथल्यांना दिसलं, बॉयलर बंद आहे आणि पाणी उकळायच्या बेताला आहे. त्यांनी एल्दियार नावाच्या पोरसवदा इंजिनीयरला पाठवलं. घाट ओलांडून आला तेव्हा पायात पातळ बूट होते. पोरगा चांगला. आल्याआल्या माझ्या हातात हात दिला, नातीची चौकशी केली, मग पडद्यासमोर बसला.

"काका, हे असं चालणार नाही," तो म्हणाला. "प्रोग्रामला हा बॉयलर दिसतच नाही. दाब वाढला तर तो काही करणार नाही. एखाद दिवशी फुटला तर? शेजारी दवाखाना आहे."

बरोबर बोलत होता.

त्यानं सेटिंगची फाइल उघडली. "हे 'थोरले' काय आहे?"

मी नुर्झादाला फोन लावून दिला. ती दवाखान्यात पेटीजवळ बसलेली. एल्दियार म्हणाला, "ताई, प्रोग्राममध्ये दुसरं नाव असणार. कुठलं?"

"बॉयलरच्या पत्र्यावर लिहिलंय, वाचा."

"धुरानं काळं झालंय. तुम्हीच सांगा ना."

"मी नाही सांगू शकत."

"तुम्हाला आठवत नाही?"

"चांगलं आठवतं."

एल्दियारनं माझ्याकडं बघितलं. पोरगा शहरातला असला तरी त्याच्याही घरी सुना असणार. त्याच्या लक्षात आलं, तो जरासा हसला.

"सुयुनअली," मी म्हटलं. "माझा बाप."

त्यानं 'थोरले' पुसलं. एकेक अक्षर टाइप केलं. पलीकडून फोनवर नुर्झादा म्हणाली, "बाबा, मी येईपर्यंत थांबला असता तर..." पण त्यानं तोवर दाबलं होतं.

राखाडी चौकोन हिरवा झाला. पंखा घुमायला लागला. स्क्रू फिरला.

"झालं," एल्दियार म्हणाला. "आता चहा द्या."

वित्यानं चहा ओतला. चहा अर्धा झाला असेल, स्क्रू कण्हायला लागला. इतके दिवस उभा होता, नळीतला ओला कोळसा गोठून दगड झालेला. ते गोठलेलं ढेकूळ त्यानं ढकलत ढकलत नेऊन थेट आगीवर ओतलं आणि तिथंच अडकला. भट्टीतून वाफेचा भपका आला. आम्ही सळई घातली, फावडी घेतली. आत सगळा काळा चिखल. आग खाली कुठंतरी गुदमरत होती. वित्या शिव्या देत खणत होता, मी खणत होतो, एल्दियारनं पातळ बुटांनीच राखेत पाय रोवला होता.

काटा उतरायला लागला.

आम्ही खणत होतो तरी काहीतरी कमी पडत होतं. बऱ्याच वेळानं कळलं मला. भिंतीपलीकडं एकदम शांत होतं.

फोन वाजला. बुरुल. "अहो, रेडिएटर गार झालेत. सगळ्या बायकांची पांघरुणं पेटीवर टाकलीत. पोरीची नखं निळी दिसतायत."

"खणतोय," मी म्हटलं.

मग नुर्झादाचा आवाज आला. रडत नव्हती. "बाबा, मी जे लिहिलं होतं ते परत लिहायला सांगा."

मी एल्दियारला सांगितलं.

"काका, तसं केलं तर प्रोग्राम शून्य धरेल. पंखा थांबेल. स्क्रू थांबेल. जी थोडी आग आहे ती पण जाईल."

"लिही."

"मी माझ्या हातानं बंद करू? तिथं बाळ आहे ना?"

"म्हणूनच."

तो उठला, हात पुसले. खुर्चीवर बसला. त्याची बोटं काळी ओली होती, कळफलकावर डाग पडले.

सुयुनअली पुसलं.

थोरले लिहिलं.

पंखा थांबला. स्क्रू थांबला. पडद्यावर राखाडी.

बंद.

काटा उतरतच होता.

वित्या माझ्यासमोर उभा होता. एल्दियार खुर्चीत. माझं फावडं मी खाली ठेवलं होतं.

खर्र.

कुणी मान वळवली नाही.

धप्प.

एल्दियारनं हळूच डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर धरली.

खर्र. धप्प. खर्र. धप्प. घाई नाही, थांबणं नाही. भट्टीचं दार आमच्या डोळ्यांसमोर बंद होतं, ते उघडलं नाही. पण दाराच्या फटीतून आधी लाल, मग पिवळा उजेड फरशीवर आला आणि आमच्या बुटांपर्यंत पोचला.

काटा थांबला. थरथरला. वर निघाला.

जरा वेळानं बुरुलचा फोन आला. "पोरीची नखं गुलाबी झाली," ती म्हणाली. "रडतेय. ऐका." तिनं फोन पेटीजवळ धरला. मांजराच्या पिलासारखा आवाज. मी तिघांनाही ऐकवला. तिघांना म्हणजे वित्याला, एल्दियारला, आणि फोन जरा भिंतीकडंही धरला.

एल्दियार परत गेला. सेटिंग तशीच ठेवून गेला. जाताना फक्त म्हणाला, "राजधानीत मी बघतो, काका. त्या चौकोनाकडं कुणी लक्ष देणार नाही असं करतो." आणि तसं केलं त्यानं.

*

पोर घरी आलं. वजन धरलं तिनं. चाळिसाव्याला आमच्यात बाळाला चाळीस चमचे पाण्यानं न्हाऊ घालतात. गल्लीतल्या म्हाताऱ्या जमल्या, बोर्सोक म्हणजे कणकेचे गोळे तळले, घर तेलाच्या वासानं भरलं. प्रत्येकीनं चमचा ओतायचा आणि एकेक चांगला शब्द बोलायचा. बरंच पाणी ओतून झाल्यावर बुरुल म्हणाली, "हिच्या मुठी कधी सुटतच नाहीत बाई. धुवायच्या कशा?"

"उघडून धू," एक म्हातारी म्हणाली.

बुरुलनं एकेक बोट सोडवलं. पाणी ओतायला चमचा उचलला आणि तसाच धरून राहिली. मग माझ्याकडं बघितलं. नुसती नजरेनं बोलावलं.

मी वाकलो. चाळीस दिवसांच्या पोरीचा तळहात, माझ्या अंगठ्याएवढा. बोटांच्या मुळाशी ओळीनं घट्टे होते, वर्षानुवर्षं फावडं मारणाऱ्याच्या हाताला पडतात तसे. जुने, पिवळट, टणक. मी नखानं चाचपून बघितले. दुसऱ्या हातावरही होते.

"काय गं, काय झालं?" मागून कुणीतरी विचारलं.

"काही नाही," बुरुल म्हणाली. तिनं दोन्ही मुठी परत मिटल्या आणि पुढचा चमचा ओतला.