एकामागे एक चालवा

मी सनोबर. कट्ट्याला एका चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. घर मालवणात. जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर होतात, आणि पावसाळा सोडला तर हे अंतर गेली चार वर्षं मी सायकलनेच कापते.

सायकलवाल्यांना नियम नसतात असं गाडीवाल्यांना वाटतं. मला आहेत. पांढऱ्या पट्टीला चिकटून चालवायचं. हात दाखवल्याशिवाय वळायचं नाही. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवायचा. हॉर्न वाजला तर मागे बघायचं ते हँडलच्या आरशात, कारण मान वळली की हँडलही वळतं. आणि भांडायचं नाही. हा शेवटचा नियम डिसेंबरात फार जड जातो. पर्यटकांच्या गाड्या सुरू झाल्या की कुंभारमाठच्या पुढे रस्ता आपल्याला चिमटीत धरतो. एका बाजूला चिऱ्यांच्या कुंपणाचा गडगा, दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी आरसा, कोपराला लागता लागता राहिलेला.

डिसेंबरातच एका सकाळी एक पांढरी गाडी माझ्या बाजूला येऊन हळू झाली. काच खाली गेली. मागे मुलं, टपावर बॅगा. चालवणारे गृहस्थ चांगलेच वैतागले होते.

"मॅडम, एकामागे एक चालवा ना! गप्पा मारायच्या तर घरी मारा."

मी काही बोलायच्या आत काच वर गेली. मला वाटलं, पुढे-मागे दुसरी कुणी सायकलवाली होती आणि तिचं माझ्यावर आलं. आरशात बघितलं. मागे चौक्याच्या वळणापर्यंत रस्ता मोकळा होता.

पंधरा दिवसांनी सत्यवान भेटला. हा सहा आसनी रिक्षा चालवतो, चौक्यात थांबलेला असतो, आणि त्याचा वाचायचा चष्मा मीच काढून दिलेला आहे. मी टायरमध्ये हवा भरत होते, तेव्हा तो उतरून जवळ आला.

"सनोबर, तुझ्यावांगडा येता तेका जरा सांग गो. भायरसून चलयता. आमी गाडी खंयसून काढूची?"

"माझ्यावांगडा कोण येता?" मी तर रोज एकटीच जाते-येते.

"आता माका इचारतंस?" तो हसला. मी हसले नाही, तसा तोही थांबला. मग उगाच टायर दाबून बघितलं आणि म्हणाला, "बरी भरली हवा."

मी डोळ्यांचं काम करते. माणसाला नसलेलं दिसतं, याची निदान सहा कारणं मला तोंडपाठ आहेत. त्यातलं एक लगेच सापडलं. सकाळी मी पूर्वेला जाते, संध्याकाळी पश्चिमेला. दोन्ही वेळा ऊन समोरून, म्हणजे माझ्या मागून येणाऱ्याच्याही थेट डोळ्यांत. पुढची काच धुळीने माखलेली असली की उन्हाची तिरीप फाकते आणि एकाचे दोन दिसतात. सत्यवानला हे समजावून सांगितलं. त्याने मान डोलवली. पटलं असं मात्र दिसलं नाही.

त्यानंतर कुणी काही बोललं नाही. पण गाड्या लांबून जायला लागल्या. आधी एकदोन, मग जवळजवळ सगळ्याच. माझ्या मागे आल्या की वेग कमी करायच्या, समोरचा रस्ता मोकळा होईपर्यंत थांबायच्या, आणि मग पार पलीकडच्या पट्टीवरून पुढे जायच्या. एकट्या सायकलला या रस्त्यावर कुणी इतकी जागा देत नाही. मी मनात म्हटलं, लोकांना अक्कल आली. खरं सांगायचं तर मी जास्त विचारच केला नाही. चार वर्षांत पहिल्यांदाच मी खांदे सैल सोडून घरी पोचत होते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस मळभ होतं. संध्याकाळचे साडेपाच, ऊन अजिबात नाही, काजूच्या मोहराचा वास हवेत अडकून राहिलेला. आनंदव्हाळच्या अलीकडचा चढ मी चढत होते. मागून चिऱ्यांनी भरलेला ट्रक येत होता. पहिल्या गिअरमधला तो जड आवाज मला ओळखू येतो. आरशात बघितलं. मला ओलांडायला तो ट्रक बाहेर काढायच्या बेतात होता. पुढे वळण होतं. मी डावीकडे जमेल तेवढी सरकले.

लांब हॉर्न वाजला.

मग ब्रेकची किंकाळी, आणि हौद्यातले चिरे एकमेकांवर आपटल्याचा आवाज.

त्याच क्षणी वळणावरून एक गाडी आली. एका रिक्षाला मागे टाकत, पूर्ण आमच्या बाजूला. ती माझ्या उजव्या कोपराजवळून गेली. तिचा वारा मला लागला. ट्रक थांबला नसता तर तो त्या जागी असता. समोरची गाडी बघून त्याने डावीकडे घेतलं असतं. डावीकडे मी होते.

गाडी निघून गेली. मी उतरले.

ट्रकवाला उडी मारून खाली आला. पस्तिशीचा, अंगावर चिऱ्याची लाल धूळ. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. गुडघ्यांवर बसला आणि ट्रकच्या खाली वाकला.

"खंय गेलो तो?"

"कोण?"

"तुझ्या बाजूक होतो तो! माझ्या बंपराखाली गेलो. मी बघलंय."

तो पुढच्या चाकाकडून मागच्या चाकाकडे रांगत गेला. मीही वाकून बघितलं. रस्ता, ब्रेकचे काळे पट्टे, तेलाचा एक थेंब.

"माझ्या बाजूक कोणच नव्हतो," मी म्हटलं.

तो तिथेच बसला. दोन्ही हात तोंडावर घेतले आणि मोठ्याने रडला. मग रडता रडता हसायला लागला. "नाय ना गो कोण? मेलो नाय ना कोण?" त्याने मला चारदा विचारलं. मी चारदा नाही म्हटलं. दर वेळी त्याचा चेहरा थोडा सुटत गेला. शेवटी मलाही रडू आलं, बरं वाटून. आम्ही दोघं गडग्याला टेकून बसलो आणि माझ्या बाटलीतलं पाणी प्यायलो.

त्याचं नाव दत्तप्रसाद. उठताना खाली बघत म्हणाला, "खरा सांगतंय, रागावू नको. तू एकटी असतंस तर मी ब्रेक मारलोच नसतो. एका सायकलीक कोण ब्रेक मारता?"

तिसऱ्या दिवशी तो दुकानात आला. स्वच्छ शर्ट, ओले केस.

"डोळे तपास. खराब आसतीत तर बरा."

मी तपासले. उजवा, डावा. दोन्ही डोळ्यांनी त्याने तक्त्याची सगळ्यात खालची ओळ न अडखळता वाचली, जी मला स्वतःला वाचता येत नाही. एका डोळ्यासमोर लाल काच धरून दिवा दाखवला. एकाचे दोन दिसत असतील तर इथे कळतं.

"किती दिवे दिसतात?"

"एक."

दिवा मी डावीकडे नेला, उजवीकडे नेला, वर, खाली. एकच.

त्याला बारीकसा नंबर काढून चष्मा देता आला असता. तो खुशीने घेऊन गेला असता. मी काच खाली ठेवली. "तुमचे डोळे उत्तम आहेत."

त्याने तक्त्याकडे पुन्हा एकदा बघितलं. मग त्याने श्वास सोडला, ओझं उतरवल्यासारखा. "म्हणजे गाडी चलवूक हरकत नाय."

"नाही."

"मगे बरा झाला." तो उठला. दारापर्यंत गेला. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"माणूस कसो होतो?"

"तोंड दिसाक नाय. तुझ्या बाजून वळलेला." तो दाराच्या कडीशी चाळा करत राहिला. "थंय चढ आसा ना? तू पेडल मारी होतंस. तो मारी नव्हतो. पाय सुटे सोडलेले. एक हात हँडलार, नि दुसरो तुझ्या खांद्यार. पोरां जातत ना तशी, एकान वडूचा, दुसऱ्यान आयता जावचा."

त्या संध्याकाळी सत्यवान म्हणाला, सायकल रिक्षाच्या टपावर टाक, सोडतंय. मी नको म्हटलं. मला भीती वाटत नव्हती, हे मी पुन्हा पुन्हा तपासून बघितलं. मी जिवंत होते. दत्तप्रसादच्या हातून कुणी मेलं नव्हतं. हवा छान होती.

चढ मी सावकाश चढले. खांद्यावर काही जाणवलं नाही. वर सड्यावर पोचले, तिथून पुढे सगळा सपाट कातळ, आणि समुद्राकडून येणारा वारा थेट तोंडावर. मागून दोन गाड्या आल्या, थांबल्या, आणि रस्ता मोकळा झाल्यावर लांबून गेल्या. दम लागला होता, म्हणून मी पेडल मारायचं थांबवलं.

मग मनात पन्नासपर्यंत आकडे मोजले. सायकलचा वेग कमी झाला नाही.