टाकून दिलेली पानं

"अहो, माझी साखळी!"

आतून बायको ओरडली तशी निवृत्त फौजदारसाहेबांनी हातातली पानं पालथी घातली. "टेबलावरचं काही हलवायचं नाही," असं गुरकावून ते खोलीत गेले.

अंथरुणाला खिळलेल्या बायकोला देखभालीला ठेवलेल्या सिस्टरने चाकाच्या खुर्चीतून जरा उन्हात नेलं होतं. तेवढ्यात उशाखालची सोन्याची साखळी गेली. साहेबांनी कसलाही विचार न करता सिस्टरची पिशवी पलंगावर उपडी केली. डबा, चष्मा, कंगवा. साखळी नव्हती.

"तिने नाही हो घेतली!" बायको रडकुंडीला आली. "ती गेली तर मला उचलणार कोण?"

बाहेर डॉक्टर, ठेकेदार आणि साहेबांचा धाकटा भाऊ बसले होते. दर रविवारी साहेब तिघांना पोकर शिकवायचे. डाव सोडला की हातातली दोन पानं आपल्यासमोर पालथी ठेवायची, शेवटी साहेब ती उलटून एकेकाच्या चुका काढणार, असा शिरस्ता.

"या डावात कोण उठलं?" साहेबांनी बाहेर येऊन विचारलं.

"मी," ठेकेदार म्हणाला. "डाव सोडला, फोन घ्यायला दारात गेलो."

"मी पाणी प्यायला," भाऊ म्हणाला.

"मी कुठला उठतोय? तुमच्याशीच तर झुंजत होतो," डॉक्टर म्हणाले.

"डाव का सोडलात?"

"भिकार पानं हो," ठेकेदार म्हणाला.

"माझीही कचराच, दादा. तूच सांगतोस ना, हलकी पानं फेकायची?"

"आणि भारी आली तर?"

"जागचं हलायचं नाही."

साहेबांनी ठेकेदाराची पानं उलटली. दुर्री, सत्ती. मग भावाची उलटली. दोन एक्के.

"याहून भारी सुरुवात या खेळात नाही," साहेब भावाकडे वळले. "ती फेकून कोण उठेल? ज्याला त्याच क्षणी उठायचंय तो. खुर्ची बाहेर जाताना तू पाहिलीस. खोली तेवढाच वेळ रिकामी होती. मी उलटायच्या आत पानं गुपचूप गड्डीत सरकवू, असं वाटलं तुला. खिसे रिकामे कर."

भावाने साखळी टेबलावर टाकली. "पडून असते वहिनी. तिला कशाला हवी?"

"चालता हो, नालायका!"

सिस्टर पिशवी भरत होती.

"अहो सिस्टर, चोर सापडला. आता कशाला जाताय?"

"सापडेपर्यंतच थांबले होते. आधी गेले असते तर चोरून पळाली म्हणाला असतात."

दार लागलं.

"सिस्टर, जरा कुशीवर वळवता?" आतून हाक आली.

साहेब पलंगापाशी जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला एकदाही वळवलं नव्हतं, आणि तिला कुठे धरायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं.