कातर न मारलेले कपडे

हसायचं असेल तर खुशाल हसा. ज्या डब्यापायी हे सगळं झालं, तो डबा मी स्वतःच्या हातात धरून पाहिलाय. म्हणून सांगतो.

माझ्या मावसबहिणीच्या, शिवांगीच्या घरची गोष्ट. बडोद्यात कारेलीबागेत, तिसऱ्या मजल्यावर राहते ती. गेल्या वर्षी दसऱ्यानंतरचा पहिला मंगळवार होता.

दुपारचे अडीच. लख्ख ऊन...

दिवाळीची साफसफाई चालली होती. सहा वर्षांच्या शौर्यला आखूड झालेल्या कपड्यांचा पलंगावर ढीग पडला होता. बारशाच्या पिवळ्या झबल्यापासून गेल्या वर्षीच्या केजीच्या युनिफॉर्मपर्यंत सगळं. एकेका कपड्यात तिचा जीव अडकलेला, पण कपाटात जागा कुठे होती?

"देऊन टाक," तिच्या सासूबाई, मथुराबाई म्हणाल्या. "पण प्रत्येकाच्या काठाला कातर मार हं. लेकराचा कपडा अख्खा देऊ नये. कपडा जातो तिकडे लेकरू ओढलं जातं."

घराण्याची रीतच होती ती. शिवांगीनं कात्री घेतली आणि तेवढ्यात दारातच हाक आली.

"वासणवाळी... वासण!"

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी, आपली बोहारीण. पण नेहमीची नव्हती. तिनं प्रत्येक कपडा उलगडून नीट पाहिला. कात्री दिसली तशी मान हलवली.

"कापेलां नहीं चाले, बेन. आखां आपो, तो आ डबो तमारो."

कापलेले नकोत, अख्खे दिले तर डबा तुझा. आणि डबा कसला! महिन्याचं पीठ मावेल असा, जाड स्टीलचा. शिवांगीनं कात्री पदराआड केली.

"अने सौथी नानुं?" बाईनं हळूच विचारलं. सगळ्यात लहान कपडा कुठंय?

शिवांगीनं पिवळं झबलंही देऊन टाकलं.

"मारलीस ना गं कातर?" आतून आवाज आला.

"मारली, आई."

एवढंच खोटं बोलली ती.

आठव्या दिवशी दुपारी बाल्कनीतून आवाज आला.

टप... टप... टप...

त्या दिवशी तिनं कपडे धुतलेच नव्हते.

दोरीवर केजीचा युनिफॉर्म वाळत होता. ओलाचिंब. बाल्कनीला लोखंडी जाळी, दाराला आतून कडी. आणि कपड्याला कुठल्यातरी परक्या साबणाचा वास...

राहिलेली कातर निदान आता तरी मारावी, म्हणून तिनं शर्टाच्या काठाला कात्री लावली.

आतल्या खोलीत शौर्य किंचाळला.

त्याच्या कमरेवर, बरोबर त्या काठाच्या जागी, लाल रेघ उमटली होती.

पुन्हा कात्रीला हात लावायची तिची छाती झाली नाही.

संध्याकाळी शौर्य तोच युनिफॉर्म घालून समोर उभा राहिला. अगदी मापात बसला होता.

"अगं, धुतला की सैल होतो कपडा. काय घेऊन बसलीस!" तिचा नवरा समरजित हसला.

तिनं पोराला दाराच्या चौकटीशी उभं केलं. तिथं त्याच्या उंचीच्या खुणा होत्या. जूनमधल्या खुणेपासून डोकं चार बोटं खाली होतं.

समरजितचं हसू तिथंच मावळलं.

मग काय काय नाही केलं त्यांनी. डॉक्टर झाले, सगळे रिपोर्ट नॉर्मल. डबा घेऊन दोघं जुन्या कपड्यांच्या बाजारात फिरले. तिथल्या एकाही बाईनं तसली बोहारीण पाहिली नव्हती. डबा परत घ्यायला कुणी नव्हतंच.

दोरीवर मात्र कपडे येतच राहिले. चौथ्या वाढदिवसाचा कुर्ता... तिसऱ्याचा जोधपुरी... प्रत्येक कपडा आधीच्यापेक्षा लहान. आणि प्रत्येक कपडा शौर्यला मापात.

दुपार झाली की तो बाल्कनीत जाऊन दोन्ही हात वर करून उभा राहायचा. आईनं डोक्यातून सदरा घालावा तसा.

"कुणासाठी रे उभा राहतोस?" शिवांगीनं एकदा विचारलं.

"ती माप घेते ना, मम्मा."

तेव्हा बोलता तरी येत होतं त्याला. मी गेलो तेव्हा तो रांगत होता. मला पाहून हसला. पुढचे दोनच दात होते.

सूनबाईला मथुराबाई एका शब्दानं बोलल्या नाहीत. नुसत्या नातवाला मांडीवर घेऊन बसतात. रिकामा डबा ओट्याखाली पडून आहे. त्यात पीठ भरायचा धीर कुणालाच होत नाही.

आता यायचं एकच राहिलंय. पिवळं झबलं. आणि त्याच्या बाराच दिवस आधी तर शौर्य या जगातच नव्हता...

शिवांगी रोज दुपारी दोरीखाली बसून असते. काल अडीचला तिचा फोन आला.

"दादा, दोरी रिकामीच आहे अजून," ती म्हणाली. "पण खाली थेंब पडायला लागलेत."

मलाही ऐकू येत होते ते.