वारा शिरलेली गाडी

"वारा शिरलाय," मी म्हणाले.

रस्त्याच्या कडेला एक नवीकोरी पिकअप बॉनेट उघडून उभी होती आणि तिच्याशेजारी एक उंच तरुण पातळ शर्टात कुडकुडत होता. ऑगस्टमधली, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीतली सकाळ. दिएंगच्या पठारावर नुकतं उजाडलं होतं. बटाट्याच्या पानांवर दव गोठून पांढरं झालं होतं. आम्ही त्याला विषारी दव म्हणतो, कारण ते रातोरात पीक जाळतं. आणि हा गृहस्थ समुद्रकाठी फिरायला निघाल्यासारखा आला होता.

"नाही नाही, मी ठीक आहे, ख्रप," तो दात वाजवत म्हणाला. "थोडी थंडी वाजतेय, एवढंच."

"तुम्हाला नाही हो. गाडीला."

तो माझ्याकडे बघतच राहिला. डोळे मात्र छान होते... हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

आमच्याकडे कणकण, पोट फुगणं, अंग मोडून येणं, सगळ्याला एकच नाव आहे, मासुक आंगिन. वारा आत शिरणं. डिझेलच्या नळीत हवा घुसून इंजिन बंद पडलं, तरी नाव तेच. तो शब्द तो भाषेच्या वर्गात, आजारांच्या धड्यात शिकला होता. गाड्यांच्या धड्यातही तो असतो हे त्याला कोणी सांगितलं नसावं.

वाक्याला जोडलेल्या अदबीच्या 'ख्रप'वरून तो थायलंडचा हे कळलं होतंच. नाव पाविन, रायोंगचा. गाडीचं बोधचिन्ह काळ्या चिकटपट्टीने झाकलेलं होतं, पण मी ती लगेच ओळखली. ज्या कंपनीच्या करावांगच्या कारखान्यात मी इंजिनिअर आहे, तिचीच ती चाचणीची गाडी. आणि तिच्या पोटात होतं ते इंजिन, ज्यावरून मी वर्षभर कंपनीच्या रायोंगच्या कारखान्यातल्या लोकांशी ईमेलवर भांडत होते. त्यांचं म्हणणं, एकच इंजिन सगळ्या देशांना पाठवू. माझं म्हणणं, आमच्या देशाला त्याचा वेगळा प्रकार हवा.

सुट्टीवर घरी आलेल्या मुलीचं सकाळी सकाळी एवढं नशीब उघडावं म्हणजे कमालच.

"इतक्या वर कशाला आलात?" मी भोळा चेहरा करून विचारलं.

"करावांगला एक हट्टी माणूस आहे," तो म्हणाला. "वे. प्रमेस्ती. सारखा दिएंगच्या थंडीचा धोशा. म्हटलं, सोमवारच्या बैठकीआधी स्वतःच बघावं."

आमच्या भाषेत 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द आहे. त्यामुळे मला खोटं बोलावं लागलं नाही, नुसतं गप्प राहिलं की झालं.

"फारच हट्टी आहे का?"

"फार. पण त्याचं लिहिणं असं असतं, की... भांडण संपू नये असं वाटतं."

मी पटकन त्याच्या इंजिनात डोकं घातलं. कान लाल झाले होते, ते थंडीने झाले असतील असं समजायला जागा होती.

फिल्टरमध्ये डिझेल थिजून नळीत हवा ओढली गेली होती. मी आले होते त्या बाबांच्या पिकअपमधून गरम पाण्याचा थर्मास आणला, फिल्टरभोवती फडकं गुंडाळलं आणि त्यावर सावकाश पाणी सोडलं. मग हातपंप दाबत राहिले. आधी बुडबुडे आले, मग फेस, मग स्वच्छ धार. तो शेजारी वाकून बघत होता. इतका जवळ की त्याच्या दातांची टकटक ऐकू येत होती. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि सुरू झालं.

"तुमचं डिझेलच खराब आहे," तो म्हणाला.

मघाचे डोळे एकदम नावडते झाले. "खराब नाही. वेगळं आहे," मी म्हणाले. "घरी चला, दाखवते. आणि गाडीला बरं वाटलंय, आता तुमचं बघू."

आईने त्याला दारातच बघितलं आणि निदान करून टाकलं. माझ्या अंगावरून हात फिरवत म्हणाली, "न्दुक, याला तर पुरता वारा शिरलाय." न्दुक म्हणजे पोरी. त्याला ते माझं नाव वाटलं. त्यानंतर तो मला अदबीने 'म्बाक न्दुक' म्हणू लागला, म्हणजे जवळजवळ पोरीताई. आई ओढणीच्या टोकात हसली. मी त्याची चूक सुधारली नाही.

पाच मिनिटांत तो चुलीसमोर पाठ उघडी करून बसलेला आणि आई जाड नाण्याला मलम लावून त्याची पाठ घासत होती, मानेपासून खाली, तिरप्या लाल रेघा. आमच्याकडे शिरलेला वारा असाच काढतात. आधी तो कळवळला. मग डोळे मिटून घेतले. मग एक मोठी ढेकर दिली आणि दहा वेळा माफी मागितली. "आला की नाही वारा बाहेर?" आई विजयाने म्हणाली आणि त्याच्या हातात आल्याचा काढा दिला. गरम तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळायला तिने तेलाची बाटली घेतली, ती मात्र चुलीच्या कडेवरची.

"ती तिथे का ठेवता?" पाविनने विचारलं.

मी फळीवरची दुसरी बाटली काढून त्याच्या पुढ्यात ठेवली. तेच पामतेल. थंडीने पांढरंफटक आणि घट्ट झालेलं. मी ती उलटी केली. एक थेंब पडला नाही.

मग मी बोलायला लागले आणि थांबलेच नाही. आमच्या पंपावरच्या डिझेलमध्ये हेच तेल मिसळतात, तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त. झाडं आमची, तेल आमचं, बाहेरून आणायचं तेवढं कमी. खाली मैदानात ते मजेत चालतं, इथे थिजतं. तुमच्याकडे पिकअपला करात सवलत, म्हणून मोठं इंजिन मिरवता. आमच्याकडे इंजिन वाढलं की करही वाढतो, म्हणून छोट्या इंजिनाला सात माणसं ओढावी लागतात, तीही अशा विरळ हवेच्या चढावर. कुठे डिझेल वेगळं, कुठे कर, कुठे रस्ता, कुठे माणसांची हौस. गाडी वरून तीच दिसते, पोट मात्र देशागणिक निराळं असावं लागतं. बाबांच्या जुन्या पिकअपचा फिल्टर मी इंजिनाच्या उबेला सरकवलाय. या बाटलीसारखाच. म्हणून ती आज सकाळी सुरू झाली आणि तुमची नवी झाली नाही.

पाविनने काढ्याचा पेला खाली ठेवला. "तुम्ही हे सगळं... बटाट्याच्या शेतात शिकलात?"

"स्वयंपाकघरात," मी म्हणाले.

निघताना तो अंगणात रेंगाळला. चुलीपुढचं हसू मावळलं होतं. "ते इंजिन माझं आहे, म्बाक," तो हळूच म्हणाला. "माझ्या बॅचमधून पहिल्यांदा कोणाच्या हाती एवढं काम आलं. सोमवारी माझे साहेब विचारतील, चाललं का. माझ्या 'हो'वर ते सगळ्या देशांत जाईल."

"मग काय सांगाल?"

त्याने गाडीत बसून किल्ली फिरवली. मला ओठांवर आलेलं सांगावंसं वाटत होतं, की मीच ती हट्टी प्रमेस्ती. पण नाही सांगितलं. माझं म्हणणं माझ्याकडे बघून मान्य व्हावं असं मला नको होतं. आणि खरं सांगायचं तर मला त्या इंजिनाइतकीच आता त्या माणसाची परीक्षा बघायची होती. तो नापास झाला, तर मला किती दुखेल हे गाडी वळणापलीकडे गेल्यावर कळलं.

सोमवारी करावांगला बैठकीच्या खोलीत एसी असा सोडला होता की दिएंगची आठवण यावी. रायोंगचे साहेब एका बाजूला, आम्ही दुसऱ्या. मी मुद्दाम खांबाआड बसले. पाविन उभा राहिला आणि आमच्या बाजूला कुजबूज सुरू झाली. त्याच्या कॉलरच्या वर, मानेवर, दोन लाल रेघा दिसत होत्या. आमच्याकडे या रेघा दुकानात मिळत नाहीत. त्या घरचं माणूसच काढतं. शेजारी बसलेल्या एन्दांगबाईंनी मला कोपर मारलं आणि विचारलं, या परक्या पोराला कोणी गं आपल्या घरात घेतलं?

साहेबांनी विचारलं, "मग? चाललं ना इंजिन?"

पाविनने एकदा समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहिलं.

"नाही चाललं, ख्रप," तो म्हणाला. "डोंगरावर त्यात वारा शिरला. चूक माझी. मी ते माझ्या देशासाठी बनवलं आणि सगळ्यांना तेच पुरेल असं धरून चाललो. यांचं डिझेल खराब नाही. वेगळं आहे. या देशासाठी वेगळा प्रकार करावा लागेल, आणि तो वे. प्रमेस्तींनी सांगितलाय तसाच. ते कुठे आहेत? मला त्यांची माफी मागायचीय."

मी खांबाआडून उभी राहिले. मान ताठ होती. डोंगरातल्या एका स्वयंपाकघराचं म्हणणं आज त्या लांबलचक टेबलावर ऐकलं गेलं होतं, आणि ते सांगणारा माणूस माझा... माझ्या ओळखीचा होता. एवढा अभिमान मला पदवी घेतानाही वाटला नव्हता.

"म्बाक न्दुक?" तो भान विसरून म्हणाला.

आमची सगळी बाजू खदखदून हसली. एन्दांगबाईंनी डोळे पुसत त्याला न्दुकचा अर्थ सांगितला. तो कानापर्यंत लाल झाला, मानेवरच्या रेघांशी रंग जुळला. रायोंगच्या साहेबांना काही कळेना. त्यांनी विचारलं, ते मानेवर काय लागलंय?

पाविनने माझ्याकडे बघितलं. परवानगी मागितल्यासारखं. मी पापण्या मिटल्या.

"हे प्रमेस्तींच्या आईने काढलंय, ख्रप," तो सगळ्यांसमोर म्हणाला.

बैठक संपल्यावर तो व्हरांड्यात माझ्यासाठी थांबला होता. बाहेर करावांगचं रणरणतं ऊन, तरी हाताची घडी घातलेली.

"नवा प्रकार तयार व्हायला वर्ष तरी लागेल," तो म्हणाला. "मला इथेच राहावं लागेल. पण मीही रायोंगसाठी बनलेला आहे, म्बाक वेनिंग." माझं खरं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं. " या देशात चालायचं तर... मलाही बरंच बदलावं लागेल का?"

मी त्याची कॉलर जरा खाली केली. रेघा फिकट व्हायला लागल्या होत्या.

"काही बदलू नका," मी म्हणाले. "फक्त माझ्या उबेला राहा."